मागचं डावं चाक

१

गिरधरभाऊ मागचं डावं चाक बदलताना गेला. चोपड्याहून यावलच्या रस्त्यानं आमच्या गावाकडं येताना एक फरशी, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, लागते आणि तिच्या अलीकडं वळण आहे. तिथं टायर बसला. भाऊ उतरला, जॅक लावला, चाक काढलं, आणि मागून केळीचा ट्रक आला. भर दुपार होती. ट्रकवाल्याला गाडी दिसली, तो डावीकडच्या मातीवरून काढायला गेला, खाली बसलेला माणूस दिसला नाही.

मी पोचलो तेव्हा आमची फियाट जॅकवर तशीच उभी होती. तिला ओरखडासुद्धा नव्हता. काढलेला टायर बाजूला पडला होता, झिजून ताटासारखा गुळगुळीत.

म्हणून माझा राग ट्रकवर नाही, टायरवर होता. दहा लोकांनी समजावलं. मला पटलं नाही. टायर जाडजूड असता तर बसला नसता, बसला नसता तर भाऊ उतरला नसता. आजही मला यात चूक दिसत नाही.

सुतक संपवणारी गंधमुक्ती झाल्यावर लता वहिनी आणि तिची लहानगी छकुली यांना धुळ्याला सोडायला मी निघालो. वहिनीचं माहेर तिथल्याच देवपूरला. गाडी आता मीच चालवणार होतो. भाऊ जशी भाड्यानं फिरवायचा तशीच.

निघताना माय दारात आली. हळू आवाजात म्हणाली, "येताना त्या वळणवर थांबजो. मागलं दार उघाडजो नि तेले बलावजो. रस्तावर गया ना तो, तेले घर आनना पडी. आखाजीले तेनी घागर भरनी शे, तेना पहिले तो घर येवाले पाहिजे."

"बरं."

"नाव लिसन बलाव. पुरं नाव. नुसतं 'चाल' नको म्हनू. रस्तावर काय तो एकलाच ऱ्हास का?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. पहिली घागर फार मोठी. ती ज्याच्या नावाची त्यालाच मिळाली पाहिजे, नाहीतर तो वर्षभर तहानलेला राहतो, असं माय म्हणायची. मी मान डोलावली. माझ्या डोक्यात टायर होते.

२

वहिनीला देवपूरला उतरवलं आणि पांझरेचा पूल ओलांडून सरळ नूर महंमदच्या टायरच्या दुकानात गेलो. भाऊ त्याच्याकडंच यायचा.

"चारही टायर काढ," मी म्हणालो. "रुंद टाक. सगळ्यात रुंद."

नूर महंमद मला बघत राहिला. मग म्हणाला, "निंबा, रिंग कंपनीची आहे. अरुंद आहे. तिच्यावर रुंद टायर म्हणजे बारक्या पोराला पैलवानाचा बूट."

"बसेल की नाही?"

"बसेल. बसवला तर सगळं बसतं. पण पोट बाहेर येईल त्याचं." त्यानं मागच्या चाकावर मडगार्डच्या आत बोटं घातली. "एकटा चालवशील तर बोटभर फट राहील. मागं कोणी बसलं की गाडी बसेल, आणि टायर मडगार्डला घासेल. ज्या बाजूला माणूस, त्या बाजूला आवाज. मग माझ्या नावानं बोंबलायचं नाही."

"नाही बोंबलत."

"गिरधर असता तर त्यानं ऐकलं असतं."

"तो ऐकायचा म्हणून तर गेला," मी म्हणालो. याला काही अर्थ नव्हता, पण नूर महंमदनं पाना उचलला. त्यानं टायर बसवले.

गाडी उभी कशी छान दिसत होती. छाती काढून. अमळनेरपर्यंत मी रडत आणि हसत आलो. गचके नाहीत, वळणात गाडी रस्ता सोडत नाही. आणि आवाज नाही. तापीच्या पुलावर मुद्दाम जोरात घेतली. काही नाही. चोपडा मागं पडलं, दोन्ही बाजूंनी केळीचे बाग सुरू झाले, आणि वळण आलं.

या रस्त्यावरचे ड्रायव्हर अशा जागी हॉर्न देतात आणि पुढं निघून जातात. कुणी थांबत नाही. मी थांबलो. ऊन उतरायला लागलं होतं. रस्त्याच्या कडेला वाळलेली केळीची पानं पसरली होती. मी मागचं डावं दार उघडलं आणि उभा राहिलो.

नाव घ्यायचं होतं. गिरधर वना पाटील. एवढंच. पण तो गेल्यापासून ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. 'गि' म्हटलं की घसा बंद व्हायचा. मी दोनदा प्रयत्न केला. मग मागून एसटी आली, ड्रायव्हरनं शिवी दिली, आणि मी घाईत म्हणालो, "चल. बस."

थोडा थांबलो. दार लावलं.

फरशीवर चढताना गाडीला गचका बसला आणि मागून आवाज आला. खर्र. मी कान दिला. पुढच्या खड्ड्यात परत. खर्र. डाव्या बाजूनं.

गाडीत मी एकटा होतो.

३

मला भीती वाटली नाही, हे आधी सांगतो. मला आनंद झाला.

पहिले आठ-पंधरा दिवस मी त्या आवाजावर जगलो. चोपड्याला रिकामी गाडी घेऊन निघालो की मी बोलायला लागायचो. केळीला भाव नाही, माय जेवत नाही, शेजारचा उखर्डू नवीन म्हैस घेऊन फसला. खड्डा आला की मागून खर्र व्हायचं, जणू हुंकार. मी आरसा बघायचो. आरशात रिकामी सीट आणि मागचा रस्ता. म्हणायचो, दिसला नाही तर नाही. वजन तर आहे.

मायला सांगितलं, आणलं त्याला. ती अंगणात आली, गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "गाडी डावा अंगले बशेल शे."

"मग? तोच आहे."

"नाव लिधं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

मायनं दारासमोर पाणी टाकलं. पण ती गाडीला हात लावायला पुढं आली नाही. मला वाटलं, रडू येईल म्हणून.

मग छोट्या छोट्या गोष्टी व्हायला लागल्या. मागं तीन पॅसेंजर बसले की तिघंही उजवीकडं दाटीवाटीनं बसायचे. डावीकडं जागा मोकळी. कुणी कुणाला सांगत नव्हतं. एकदा मोतीबिंदूवाली बेबाबाई दवाखान्यात जायला बसली. ती मागं चढली, हात चाचपला आणि म्हणाली, "सरक रे भो जरा." मग थोडा वेळ थांबून माझ्याकडं वळली. "तुना मानूस सरकत नही. मी पुढेच बसस."

मी हसलो. पण तिला उतरवेपर्यंत आरशात बघितलं नाही.

मी स्वतःला समजावलं. म्हातारीला दिसत नाही. टायर मीच रुंद टाकले, नूर महंमदनं सांगितलंच होतं. कदाचित डावा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, कमजोर झाला असेल. पाटा कमजोर झाला तर गाडी डावीकडं बसणारच. हे पटलं तेव्हा मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

४

चोपड्याच्या स्टँडमागं अमीन मिस्त्रीचं गॅरेज आहे. गाडी खालून बघायच्या खड्ड्यावर घेतली. अमीन खाली उतरला. मी बाहेर उभा होतो. दुपारची वेळ, बाजूला कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

खालून अमीनचा आवाज आला. "पाटे चांगले आहेत. एकही तुटलेला नाही. पण डावा दाबलाय."

"का दाबलाय?"

"वजनानं. आधी मागच्या माणसाला उतरव, मग बघतो."

पत्र्याची ठोकाठोक थांबली होती.

"अरे उतरव की त्याला. इथं मला पाट्याची हालचाल दिसते. हलतोय तो."

"अमीनभाई, गाडीत कोणी नाही."

मग अमीन वर आला. खिडकीतून मागं बघितलं. फडक्यानं हात पुसले, परत पुसले. म्हणाला, "घेऊन जा."

"काय झालं?"

"मला आज काम आहे. घेऊन जा निंबा."

मी गाडी घेऊन निघालो. गावाबाहेर पडल्यावर मोठ्यानं म्हणालो, "घाबरवलंस ना बिचाऱ्याला." मी गंमत करत होतो. भाऊला अशी गंमत आवडायची. पण पुढं गुळगुळीत रस्ता होता, एक खड्डा नव्हता, आणि तरी मागून आवाज आला. हळू, लांब. खर्र... जसं कुणी सीटवर पुढं सरकून बसावं.

मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आखाजीला लता वहिनीला आणायला जायचंय. छकुलीला तुझ्याच शेजारी बसवतो."

गाडी मागून दबली. टायर इतका घासला की रबर जळल्याचा वास आला. आणि घर येईपर्यंत तो आवाज थांबला नाही.

माझा भाऊ पोरीला बघायला आतुर झाला, असंच मी धरून चाललो. दुसरं काही धरायला माझ्याकडं नव्हतं.

५

आखाजीच्या आदल्या दिवशी मी देवपूरला पोचलो. वहिनी छकुलीला कडेवर घेऊन बाहेर आली. ती वाळली होती. मी ऐटीत मागचं डावं दार उघडलं आणि तिच्या कानाजवळ म्हणालो, "वहिनी, मी त्यांना घरी आणलंय. मागं बसतात. आवाज येतो, तुम्हीच ऐका."

ती दारापाशी थांबली. सीटकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मागं?"

"हो. डावीकडं."

"निंबाभाऊ," ती म्हणाली, "ते कधी मागं बसले होते का?"

माझा हात दारावरून खाली आला.

"मागं बसलं की त्यांना उलटी व्हायची. आमच्या लग्नात काय झालं, विसरलात? मुंडावळ्या बांधून स्वतः गाडी चालवत आले. माझ्या काकानं विचारलं, नवरदेव कुठंय? तर हे म्हणाले, मीच, आधी गाडी सावलीत लावू द्या."

ती हसली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. मग तिचं हसू जागच्या जागी विझलं, कारण तिला माझा चेहरा दिसला.

"नाव घेतलं होतं ना बोलावताना?"

मी मान हलवली. नाही.

महिनाभर मी कुणाशी बोलत होतो? घरातलं सगळं कुणाला सांगितलं? उद्या माय घागर भरणार, आणि ती प्यायला अंगणात हा बसलेला असणार. भाऊ तिकडं वळणावर, उन्हात, चाकाजवळ.

"गाडी इथंच सोडतो," मी म्हणालो. "एसटीनं जाऊ."

"आणि याला माझ्या माहेरच्या दारात ठेवायचं?" वहिनीनं मागचं दार लोटलं. अगदी हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये तसं. "जिथं बसवलं तिथंच उतरवू. चला."

६

आमची फियाट जुनी. पुढं एकच सलग सीट, गिअर स्टेअरिंगला. वहिनी खिडकीशी बसली, छकुली तिच्या मांडीवर, मध्ये जागा रिकामी. दोघांपैकी कुणीच मागं बघितलं नाही.

अमळनेरपर्यंत मागून तोच आवाज. खर्र. थोडा वेळ शांत. खर्र. उन्हाच्या झळा येत होत्या, आणि तरी मानेमागं गार लागत होतं. मी स्वतःला सांगत होतो, टायर आहे. रिंग कंपनीची, टायर रुंद, घासणारच.

तापीच्या पुलावर छकुली मांडीवर उभी राहिली आणि आईच्या खांद्यावरून मागं बघायला लागली. ती टक लावून बघत होती. मग तिनं हातातलं बिस्कीट मागच्या सीटकडं धरलं.

"घे," ती म्हणाली.

वहिनीनं तिला खाली ओढलं आणि तिचं तोंड छातीशी दाबलं. पोरीच्या हातात बिस्कीट नव्हतं. खाली पडलं असेल. मी नंतर सगळी गाडी झाडली, चुराही मिळाला नाही. पण बिस्कीट बारीक असतं, उंदीर नेतात.

वळण आलं. मी गाडी कडेला घेतली, उतरलो आणि मागचं डावं दार उघडलं.

सीटचं रेक्झिन दबलेलं होतं. चांगलं खोल. कडेला सुरकुत्या पडल्या होत्या, कुणी बसल्यावर पडतात तशा. इतक्या दिवसांत मी मागं वळून कधी नीट बघितलंच नव्हतं. आरशातून ते दिसत नाही.

"उतर," मी म्हणालो.

काही नाही.

"उतर, पाया पडतो. माझी चूक झाली. तू कोण मला माहीत नाही." मग मी शिव्या दिल्या. मग परत हात जोडले. सुरकुत्या तशाच. एक सुरकुती मात्र हळूच माझ्या बाजूला सरकली.

मी मागं हटलो. वहिनी उतरली होती. छकुलीला कडेवर घेऊन ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, दाराकडं पाठ करून, बागेकडं तोंड करून. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. घरात 'अहो' आणि बाहेर 'छकुलीचे वडील'.

"गिरधर वना पाटील," ती म्हणाली. स्पष्ट, शाळेत हजेरी घेतात तसं. "घरी चला. ही गाडी तुमची आहे. पुढं बसा."

केळीची पानं वाजायची थांबली.

मग गाडीचा पाटा करकरला. मला सीटकडं बघवेना म्हणून मी खाली बघितलं, चाकाकडं. चाकाच्या मधोमध स्टीलची चकचकीत टोपी असते, तिच्यात सगळं फुगून दिसतं. त्यात मी होतो, उघडं दार होतं, पाठमोरी वहिनी होती. आणि आमच्या मध्ये एकजण उतरत होता. वाकून, दाराला धरून, खूप वर्षं बसून पाय आखडलेल्या माणसासारखा. तो उतरतच होता. त्याचं उतरणं संपत नव्हतं, एवढा तो लांब होता.

मी वर बघितलं. कुणी नव्हतं. सीट हळूहळू वर येत होती, आणि रेक्झिनमधून हवा सुटल्याचा आवाज येत होता. रस्त्याकडेची वाळकी पानं एकेक करून दबली, फरशीच्या दिशेनं. मग दबायची थांबली.

"गेला?" वहिनीनं विचारलं. ती वळली नाही.

"गेला."

"मग दार लावा."

मी लावलं. दार हलकं लागलं, पत्र्याच्या डब्यासारखं.

७

फरशीवर गचका बसला. आवाज नाही. पुढचा मोठा खड्डा मी चुकवला नाही, मुद्दाम त्यातच घातली. काहीही नाही. नुसता वारा.

वहिनी रडत होती, पण तोंड हसरं होतं. मीही रडत होतो. दोघंही एकमेकांना दिसू देत नव्हतो. छकुलीला झोप लागली आणि तिचं डोकं आईच्या हातावरून घसरून मधल्या रिकाम्या जागेकडं कललं. मी एक हात सोडून तिला सावरायला गेलो.

हात पोचायच्या आधीच डोकं थांबलं. सीटपासून वीतभर वर, कशावर तरी टेकल्यासारखं. गाव येईपर्यंत ते तिथंच होतं. गचक्यातही हललं नाही.

मी हात परत स्टेअरिंगवर ठेवला. वहिनीनं बघितलं आणि तिनंही पोरीला ओढून घेतलं नाही.

अंगणात माय उभी होती. गाडीभोवती फिरली. या वेळी तिनं पुढच्या दारावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी घागर भरली. माय म्हणाली, नाव तू घे. मी घेतलं. घसा बंद झाला नाही. आगारीत, म्हणजे पितरांसाठी पेटवलेल्या निखाऱ्यावर, घास टाकला, धूर सरळ वर गेला, आणि त्या दिवशी माय पोटभर जेवली. पुरणाच्या मांड्याचा दुसरा तुकडा तिनं स्वतः मागून घेतला.

आखाजी झाल्यावर मी धुळ्याला गेलो आणि नूर महंमदला म्हणालो, "कंपनीच्या मापाचे टाक परत."

"घासत होते ना? सांगितलं होतं."

"घासत होते."

"मागं बसत होतं कोणी?"

"आता नाही," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि जॅक लावला.

आता गाडी हलकी चालते. त्या वळणावर मी हॉर्न देतो आणि पुढं निघतो. पॅसेंजरला मात्र नाव विचारल्याशिवाय बसवत नाही. पूर्ण नाव. स्टँडवरचे ड्रायव्हर हसतात, म्हणतात, निंबाची गाडी नाही, तलाठी ऑफिस आहे. हसू देत.

कधी कधी रिकामी गाडी घेऊन येताना फरशीवर गचका बसतो आणि माझा कान मागं जातो. काही ऐकू येत नाही. अरुंद टायर, मडगार्डपासून दूर, मागं कुणीही बसलं तरी ते सांगत नाहीत.

तेच बरं आहे.